फोटोखालची नावे

आमच्या वस्तीतला एक मुलगा शिकून वेबसाइट तयार करण्याची कामे घेतो. आम्ही पडलो कारकून, बी.कॉम. असलो तरी संगणकावर हिशेबापलीकडे हात चालत नाही. तरीही गेल्या उन्हाळ्यात तो घरी आला. "काका, मुलींच्या वसतिगृहाची वेबसाइट करायला मिळाली. फोटोंची गॅलरी कशी लावायची ते तुम्हीच सांगा, तुम्हाला माणसं माहीत आहेत." वसतिगृह आमच्याच वर्धा जिल्ह्यातले. त्याच्या पायाभरणीला आमच्या मायने विटा वाहिलेल्या. नाही कसे म्हणणार?

संस्थेने पेनड्राइव्हवर 212 फोटो पाठवले होते आणि 'सर्व घ्यावेत' असा निरोप. आम्ही आधी कारकुनी केली. एका फोटोचे 4 एमबी धरले तर 848 एमबी झाले. मुलीला पाठवण्याआधी वसतिगृह पाहू म्हणणाऱ्या बापाचा दिवसाचा दीड जीबीचा पॅक निम्म्याहून जास्त तिथेच संपायचा. मुलाने तोड सांगितली. आधी लहान लहान चित्रे दिसावीत, बोट लावले की मोठे उघडावे. मोठ्याचीही रुंदी 1600 पिक्सेल केली की दोनशे-तीनशे केबीत भागते. 40 फोटो निवडले तर बाराएक एमबीत सगळे आटोपते. मूळ फोटो मात्र जसेच्या तसे दोन जागी जपून ठेवायचे.

निवडायला बसलो आणि मन खट्टू झाले. जिकडे पाहावे तिकडे हारतुरे, शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन. मुली होत्या त्या कडेला, स्वागतगीत म्हणताना. स्वयंपाकघर, अभ्यासाची खोली, न्हाणीघर यांचा एकही फोटो नाही. आईबाप तर आधी तेच पाहतात!

वर्ध्यापासून आठ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तिथे 1938 पासून गांधीजींचे चुलत नातू कनू गांधी फोटो काढू लागले. कॅमेऱ्यासाठी घनश्यामदास बिर्लांनी शंभर रुपये दिले. गांधीजींच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, पोझ घ्यायला सांगायचे नाही, आश्रमाचा पैसा मिळणार नाही. म्हणून आश्रमातले रोजचे जगणे आज पाहता येते. त्याच काळात, त्याच जिल्ह्यात आमचे आजे-पणजे कसे राहत होते? आमच्या घरी तरी एकही फोटो नाही. शंभर रुपये म्हणजे त्यांची कित्येक महिन्यांची मजुरी. बाबासाहेबांच्या लेकरांनी सेवाग्रामकडून काय घ्यावे हा वाद जुना आहे, त्यात इथे शिरत नाही. दुसरी अट मात्र आम्ही निःसंकोच उचलली.

मुलगा एका सकाळी वसतिगृहात जाऊन आला. वेण्या घालणाऱ्या, ताटे घासणाऱ्या, पुस्तकात डोके घातलेल्या मुली घेऊन आला. ज्यांच्या पालकांनी सही दिली त्यांचेच फोटो ठेवले, आणि त्यांच्याखाली नाव-गाव लिहायचे नाही असे ठरवले. वेबसाइट साऱ्या दुनियेला दिसते, त्यात सगळेच भले नसतात. वैयक्तिक माहितीच्या 2023 च्या कायद्यातही पालकांच्या संमतीचे कलम आहेच.

जुन्या फोटोंचे उलटे. पायाभरणीच्या फोटोमागे चार पाहुण्यांची नावे, आणि पुढे 'व इतर'. ते इतर म्हणजे डोक्यावर टोपले घेतलेल्या अकरा बाया, त्यात आमची माय! मुलाने मूळ फोटो 600 डीपीआयवर स्कॅन केला, एक बटण दाबून चेहरे उजळ केले आणि मायला दाखवायला आणला. तिने मोबाइल दूर धरून पाहिला. "मी कवा येवढी गोरी होती रे बाबू? हे मी नाही."

मुलाने मुकाट्याने उजळणी काढून टाकली. मग माय बोटाने एकेक चेहरा दाखवत नावे सांगू लागली. कुणी आता नाही, कुणी लेकाकडे नागपूरला. स्वतःला धरून नऊ नावे झाली. नववीपाशी ती बराच वेळ थांबली, का ते सांगितले नाही.

यादी संस्थेकडे नेली. पदाधिकारी म्हणाले, पाहुण्यांची नावे आधी असू द्या. असू द्या म्हटले. त्याखाली नऊ नावे बसली. उरलेल्या दोघी पुलगावच्या म्हातारीला आठवतील असे माय म्हणते. रविवारी तिला एसटीने घेऊन जाणार आहोत.