ठिणगीची वेळ

तंजावरला तिरुची रस्त्यालगतच्या एका गॅरेजात जुना डॉज ट्रक दुरुस्तीसाठी आला होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात अशा ट्रकांची जुळणी होत असे. पुढे १९५४ पासून टाटांचे डिझेल ट्रक रस्त्यावर आले आणि पेट्रोलवर चालणारे ट्रक हळूहळू दिसेनासे झाले. हा ट्रक मात्र एका भातगिरणीच्या मालकाने आजोबांची आठवण म्हणून जपला होता.

गॅरेजचे मेस्त्री पन्नाशी ओलांडलेले. व्यंकोजीराजांच्या काळापासून तंजावरात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यांपैकी त्यांचे एक घराणे. घरात तंजावरी मराठी, बाहेर तमिळ. शाळा लवकर सुटली होती. विद्या मिळाली ती हातांना आणि कानांना. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता सिलिंडर रुसला आहे, हे ते सांगत. अशा माणसाच्या हाती मालकाने एक छोटे खोके दिले आणि म्हटले, “जुने पॉइंट काढून हे इलेक्ट्रॉनिक बसवा.”

डिझेल इंजिनात दाबाने तापलेली हवाच इंधन पेटवते. पेट्रोल इंजिनाला ठिणगी लागते, आणि ती नेमक्या क्षणी लागते. तो क्षण ठरवण्याचे आणि ठिणगी योग्य सिलिंडरकडे धाडण्याचे काम डिस्ट्रिब्युटर करतो. जुन्या रचनेत त्याच्या आत धातूचे दोन लहान पॉइंट असतात. ते मिटले की कॉइलमधून वीज वाहते; उघडले की ती तुटते, आणि त्या तुटण्यातूनच हजारो व्होल्टचा झटका निर्माण होऊन प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला १०० वेळा ही उघडझाप होते. म्हणून पॉइंट झिजतात, काळवंडतात. त्यांच्यातील सुमारे अर्ध्या मिलिमीटरची फट पुन्हा पुन्हा मोजून लावावी लागते.

नव्या रचनेत ही उघडझाप नाही. रोटरखाली चुंबकांचे एक कडे बसते. त्याच्या फिरण्याची चाहूल शेजारच्या काडेपेटीएवढ्या काळ्या ठोकळ्याला लागते आणि तोच वीज जोडतो, तोडतो. अशा अनेक ठोकळ्यांमागचे तत्त्व एडविन हॉल यांनी १८७९ सालीच शोधले होते. एकमेकांवर घासणारे काही नाही, म्हणून झीज नाही.

मेस्त्रींनी खोक्यातील इंग्रजी कागद बाजूला ठेवला. दोनच तर तारा होत्या, एक लाल आणि एक काळी. त्यांनी त्या सवयीने जोडल्या आणि किल्ली फिरवली. इंजिन चालू झाले नाही. थोड्या वेळाने जळक्या प्लास्टिकचा वास मात्र आला. ठोकळा गेला होता.

त्या संध्याकाळी त्यांनी कोणाशी बोलणे केले नाही. पैसे गेल्याचे दुःख होतेच. त्याहून मोठे दुःख हे, की चूक कुठे झाली ते कळत नव्हते. बिघडलेला पॉइंट डोळ्यांना दिसतो, कानशीने घासता येतो. जळलेला ठोकळा बाहेरून होता तसाच दिसत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद उचलला आणि गॅरेजात काम शिकणाऱ्या मुलाला हाक मारली. तो आठवीपर्यंत शिकलेला, वयाने त्यांच्या मुलापेक्षाही लहान. “वाच बघू, काय लिहिलंय,” ते म्हणाले. हे चार शब्द उच्चारायला त्यांना एक रात्र लागली होती.

मुलाने अडखळत, बोट ठेवून वाचले. बॅटरीचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असले पाहिजे, असे पहिल्याच ओळीत होते. मेस्त्री थबकले. त्या काळच्या डॉज गाड्यांत धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. या ट्रकची ६ व्होल्टची बॅटरी पूर्वीच बदलून १२ व्होल्टची केली होती; टोकांची जोडणी मात्र जुनीच राहिली होती. चूक सापडली.

“मग तारा उलट करू या, अण्णा,” मुलगा म्हणाला.

“एवढ्याने भागायचं नाही,” मेस्त्री म्हणाले. आता बोलण्याची पाळी त्यांची होती. बॅटरीची टोके बदलली, तर कॉइलच्या तारा बदलायला हव्यात, अँमीटरच्याही बदलायला हव्यात. शिवाय डायनॅमोला क्षणभर बॅटरीचा प्रवाह देऊन नवी दिशा शिकवावी लागते. नाहीतर तो जुन्या सवयीने उलटी वीज पाठवत राहतो. यातले काहीही कागदावर नव्हते. कागद लिहिणाऱ्याने ठोकळा पाहिला होता, हा ट्रक पाहिला नव्हता.

मग काम सुरू झाले. मुलगा एक एक ओळ वाचे, मेस्त्री एक एक तार जोडत. लाल तारेला बॅटरीचा पूर्ण दाब हवा, म्हणून ती कॉइलच्या वाटेवरील रेझिस्टरच्या अलीकडे, स्विचच्या बाजूला जोडली. काळी कॉइलच्या ऋण टोकाला. जुना कंडेन्सर निघाला. झाकणावरील तारा १, ५, ३, ६, २, ४ या क्रमाने लागल्या. तो क्रम मेस्त्रींना तोंडपाठ होता. अखेरीस किल्ली फिरली आणि इंजिन सुरू झाले. मेस्त्रींनी डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवून, कान देऊन, ठिणगीची वेळ जुळवली.

तंजावरला हे अपरिचित नाही. राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरला गेला. तो कोरवून घेणाऱ्या सरफोजीराजांनी पोथ्यांनी भरलेल्या सरस्वती महालात युरोपातील ग्रंथही आणले, आणि त्यांच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी देवनागरी अक्षरांत छापल्या गेल्या. नव्याला जागा देताना त्यांनी जुने मोडून टाकले नाही.

मेस्त्रींनी काढलेले पॉइंट आणि कंडेन्सर तेलकट कागदात गुंडाळून ट्रकच्या हत्यारपेटीत ठेवले. ठोकळा वाटेत बंद पडला तर तो रस्त्यात दुरुस्त होणार नाही. हे पॉइंट मात्र पुन्हा बसवून घरी परतता येईल.

नंतर त्यांनी मुलाला तो इंग्रजी कागद पुन्हा काढायला सांगितला. खाली थोडी जागा कोरी होती. डायनॅमोची ती गोष्ट मेस्त्री सांगत गेले आणि मुलाने ती तमिळमध्ये तिथे लिहून ठेवली.