छोट्या लेथला हवी धार

सीसीजीटी ०६०२०२! काही दिवस मी हे येताजाता पुटपुटते आहे आणि घरचे माझ्याकडे बघताहेत, पण मला थांबवत नाही. चार अक्षरं आणि सहा आकडे. लेथच्या टूलवर बसवायच्या कार्बाइडच्या छोट्या तुकड्याच्या, म्हणजे इन्सर्टच्या डब्यावरचा हा नंबर वाचता येतो, त्यातलं प्रत्येक अक्षर काहीतरी सांगत असतं, हे कळल्यापासून माझ्या टेबलावरचा छोटा लेथ मला नवाच वाटायला लागलाय.

वाचूया का? पहिला सी म्हणजे आकार, ८० अंशांचा समभुज चौकोन. दुसरा सी म्हणजे धारेखालचा ७ अंशांचा उतार. त्यामुळे जॉबला फक्त धार लागते, इन्सर्टचं अंग घासत नाही. तिसरं अक्षर मापाच्या अचूकपणाचं, आणि सगळी गंमत तिथेच आहे, त्याकडे येतेच. टी म्हणजे मधल्या भोकात स्क्रूचं डोकं आत बसतं आणि वरच्या अंगाला चिप मोडायची खाच आहे. मग ०६ ही धारेची लांबी, साधारण ६ मिमी. ०२ म्हणजे २.३८ मिमी जाडी. शेवटचे ०२ म्हणजे नोज रेडिअस, टोकाच्या गोलाईची त्रिज्या, ०.२ मिमी. जर्मनीत बनलेला इन्सर्ट असो, जपानमध्ये की आपल्याकडे, नंबर हाच!

आता ते तिसरं अक्षर. तिथे एम असेल, म्हणजे सीसीएमटी, तर इन्सर्ट बहुतेक साच्यात दाबून भट्टीत भाजला तसाच, वर कोटिंग चढवून येतो. धार मुद्दाम किंचित बोथट ठेवलेली असते, जोरात मार सोसावा म्हणून. जी असेल तर कडा ग्राइंड केलेल्या असतात. ॲल्युमिनियमसाठीचा असेल तर वरून आरशासारखी पॉलिश आणि कोटिंग बहुधा नाहीच. नखावर टेकवली तर नख सोलून निघेल अशी धार! डब्यावर एन गटाचा हिरवा रंग, म्हणजे ॲल्युमिनियम, तांबं, पितळ. पोलादाचा गट पी, त्याचा रंग निळा. पोलाद कापायचं तर निळाच घ्यायचा, असं कुणालाही वाटेल.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या टर्नरदादांनी मात्र माझ्या हातात हिरवा डबा ठेवला. ‘ताई, तुमचं मशिन ल्हान हाय. त्येला जोर न्हाई, धार द्या.’

बस्स, एवढंच! आणि खरंच, सगळं त्यात आलं. मोठ्या सीएनसीवरचा सीएनएमजी इन्सर्ट दोन्ही बाजूंनी वापरता येतो, चार धारा मिळतात, स्वस्त पडतो. पण त्याच्या धारेखाली उतार शून्य, म्हणून होल्डर त्याला पुढे झुकवून धरतो आणि तो धातू कापण्याआधी जोरात रेटतो. टनावारी वजनाच्या मशिनला त्या रेट्याचं काही वाटत नाही. दोन माणसांनी उचलून ठेवता येणाऱ्या लेथचा स्पिंडल, सॅडल, टूलपोस्ट, सगळं थोडं थोडं मागे सरतं आणि जॉब थरथरायला लागतो. धारदार इन्सर्ट रेटत नाही, सोलतो.

मी ईएन ८ पोलादाचा गोल बार चकमध्ये धरला आणि पॉइंट झिरो पाचचा कट दिला. ०.०५ मिमी! इतका बारीक कट बोथट धारेला घेता येत नाही, ती नुसती वरून घासत जाते. इथे केसासारखी चिप सुटली आणि मायक्रोमीटरवर डायलइतकंच माप आलं. मी परत मोजलं. तेच!

मग नोज रेडिअसचं गणित मांडलं, आणि तेही किती सुंदर निघालं. फिनिशमधल्या रेघांची खोली म्हणजे फीडचा वर्ग भागिले रेडिअसची आठपट. फीड ०.१ मिमी आणि रेडिअस ०.४ असेल तर सुमारे ३ मायक्रॉन. रेडिअस ०.२ केला की ६ मायक्रॉन, म्हणजे फिनिश बिघडला. पण फीड निम्मा, ०.०५ केला की दीड मायक्रॉनवर येतो! नाक बारीक असल्यामुळे जॉबला बाजूला ढकलणारा जोरही कमी. सावकाश चालायची तयारी असलेल्या छोट्या लेथला म्हणून ०.२ शोभतो. मोठे कट घ्यायला ०.४ ठेवावा.

कार्बाइडला फार वेग लागतो, म्हणून छोट्या लेथवर त्याचा उपयोग नाही, असंही सांगतात. कोटिंगवाल्या इन्सर्टला पोलादावर मिनिटाला १५० मीटर किंवा त्याहून जास्त वेग आवडतो हे खरं. १२ मिमीच्या बारवर त्यासाठी जवळजवळ ४००० आरपीएम हवेत, ते माझ्याकडे नाहीत. कमी वेगात धातू धारेला चिकटतो ही खरी अडचण. पण पॉलिश केलेल्या धारेवर त्याला चिकटायला जागाच कमी मिळते!

आणि हे सगळं आलं कुठून, तर दिव्याच्या तारेतून. बल्बमधली टंगस्टनची तार ओढायला हिऱ्याच्या डाय लागत, त्या महाग पडत. त्यांना पर्याय शोधताना बर्लिनमध्ये ओसरामच्या कार्ल श्रोटरने टंगस्टन कार्बाइडची पूड कोबाल्टमध्ये बांधली, १९२३ मध्ये पेटंट घेतलं. पुढे क्रुपने ते विडिया या नावाने बाजारात आणलं. आपल्याकडे वर्कशॉपमध्ये अजूनही विडिया टूल म्हणतात ते तेच. माझ्या टूलपोस्टवरचा मुगाच्या डाळीएवढा तुकडा त्या वंशातला आहे!

घ्यायचाच असेल तर होल्डर एससीएलसीआर १०१० घ्या, किंवा तुमच्या टूलपोस्टला मावेल तसा ८ नाहीतर १२ चा. त्यातला एल म्हणजे धार ९५ अंशांत धरलेली, त्यामुळे टूल न हलवता टर्निंगही होतं आणि फेसिंगही. टोक मात्र सेंटरच्या उंचीवर अगदी नेमकं बसवा. चालू कटमध्ये मशिन बंद करू नका, ही धार ठिसूळ असते, टवका उडतो. खाचा असलेला किंवा चौकोनी बार असेल तर सरळ एचएसएसचं, म्हणजे हायस्पीड स्टीलचं टूल लावा, ठोके सोसण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. कूलंट ब्रशने मधूनमधून लावण्यापेक्षा कोरडंच चालवा, गरम-गार होऊन कार्बाइडला बारीक तडे जातात.

आणि हाच इन्सर्ट बोअरिंग बारमध्येही बसतो! ८ मिमीचा बार घेतला तर साधारण ११ मिमीच्या भोकात शिरतो. पितळेच्या बुशचं भोक मी त्याने मापात आणलं आणि शाफ्ट आत सरकताना हवा दबून फुस्स आवाज आला, इतकं घट्ट बसलं. आता माझा डोळा १६ईआर एजी ६० वर आहे. बाहेरचे आटे, ६० अंश, एकाच इन्सर्टने अर्ध्या मिमीपासून ३ मिमी पिचपर्यंत सगळे!