तोच तो मजकूर

कॉलेजांत लॅटिन शिकत असतां ओव्हिड कवीच्या हद्दपारींतील कविता आम्हीं मोठ्या नाखुषीनें वाचल्या. थंडी, आजार, एकटेपणा आणि सुटकेची याचना. पान उलटावें तों पुन्हां तेंच! ‘मेटामॉर्फसिस’ काव्यांत रूपांतरांच्या कथा हंसतखेळत सांगणारा कवि तो हाच काय, असें आम्हांस वाटे.

ओव्हिडचा जन्म इ. स. पूर्व ४३ मधला. इ. स. ८ मध्यें ऑगस्टस बादशहानें त्यास काळ्या समुद्राच्या कांठीं टोमिस येथें धाडिलें. तें गांव आज रुमानियांत आहे. एक काव्य व एक चूक, एवढेंच कारण तो सांगतो. चूक कोणती, तें त्यानें कधींच उघड केलें नाहीं. (रोमच्या नगरपरिषदेनें २०१७ सालीं ती शिक्षा रद्द ठरविली!) मालमत्ता राहिली, नागरिकत्व राहिलें; गेला तो श्रोता. टोमिस ही जुनी ग्रीक वसाहत होती, तेव्हां त्यानें रंगविलें तितकें तें रानटी नसावें; परंतु लॅटिन काव्य ऐकणारें तेथें कोण असणार? म्हणून त्याचें काव्य पत्र झालें. ‘त्रिस्तिया’ या संग्रहाच्या आरंभीं तो आपल्या पुस्तकासच रोमला पाठवितो आणि नटून जाऊं नकोस, असें बजावतो. त्या संग्रहांत मित्रांचीं नांवेंहि तो बहुधा गाळतो. न जाणो, त्यांजवर संकट यावयाचें!

आमच्या नोकरीच्या आरंभीं बोर्डिंगांतील मुलांचीं घरीं जाणारीं पत्रें पाहण्याचें काम आम्हांकडे होतें. पांचवींतील एक मुलगा दर आठवड्यास तेंच लिही: मी बरा आहें, आईचा खोकला कसा आहे, गाय व्याली कां? “अरे, कांहीं नवीन लिहावें,” म्हणून आम्हीं त्यास दटाविलें. पुढील रविवारचें पत्र अगदीं शुद्ध होतें. त्यांत क्रीडास्पर्धेचें वर्णन होतें. आईचा खोकला नव्हता, गायहि नव्हती.

त्याच सुमारास ओव्हिडनें ब्रूटस नांवाच्या मित्रास लिहिलेलें एक पत्र पुन्हां वाचण्यांत आलें. तुझ्या पत्रांत तोच तो मजकूर असतो, हा आक्षेप त्याच्याहि कानीं आला होता. तो दोष तो कबूल करतो. पण मागणें एकच होतें आणि तें निरनिराळ्या माणसांपाशीं करावयाचें होतें. ग्रंथ सजविण्याचा त्याचा हेतु नव्हता.

आम्हीं मुलास बोलाविलें, पत्र परत दिलें आणि खालीं जागा आहे एवढेंच सांगितलें. त्यानें उभ्याउभ्याच लिहिलें, “गाय व्याली कां?”