गाडीतली शेगडी

ऐन एप्रिलात भरदुपारी पेटत्या शेगडीपुढे बसायला कुणी सांगितलं, तर आपण त्याला वेड्यात काढू. पण गेल्या वर्षी मी आठ दिवस तेच करत होते! फरक एवढाच, की शेगडी आमच्या गाडीत होती.

झालं असं. कल्याणला नणंदेच्या मुलाचं बारसं आटोपून आम्ही नाशिकला परत येत होतो. कसारा घाटात गाडी तापली. काटा लाल खुणेकडे सरकू लागला. ह्यांनी झटकन एसी बंद केला, काचा उघडल्या आणि हीटर पूर्ण गरमवर फिरवून पंखा जोरात सोडला. सासूबाई म्हणाल्या, "अरे, आधीच भाजून निघतोय, त्यात हे काय?" पण ह्यांचं चुकलं नव्हतं. इंजिनातलं गरम पाणी डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरत असतं. त्यावरून हवा सोडली, की इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येते आणि इंजिनाला तेवढाच आराम मिळतो. जागा मिळताच गाडी बाजूला घेतली, तासभर निवू दिली, कमी झालेलं पाणी भरलं आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी रबरी नळीची सैल क्लिप आवळून घेतली. इंजिनाचं दुखणं मिटलं.

गरम हवा मात्र थांबेना! नॉब निळ्या खुणेवर नेला, एसी लावला, तरी तोंडावर वाफाराच. हे नोकरीच्या गावी निघून गेले नि गाडी माझ्या गळ्यात आली. मी बी.ए. झालेली; बी.एड. नाही म्हणून तासिका तत्त्वावर शिकवते. शाळा गावाबाहेर, शेजारी पाच वर्षांची लेक. दुपारी घरी येईपर्यंत तिचे गाल लालबुंद होत. चौथ्या दिवशी तिला गाडीतच उलटी झाली, तेव्हा माझा धीर सुटला.

गॅरेजमध्ये गेले. तिथल्या माणसाने बॉनेटसुद्धा न उघडता सांगितलं, "वहिनी, कॉम्प्रेसर गेला. चौदा हजार लागतील." मी म्हटलं, "अहो, पण उघडून तर बघा." तर म्हणतो, "साहेबांना घेऊन या, त्यांना समजावून सांगतो."

खरं सांगते, मला चौदा हजारांपेक्षा ते 'साहेबांना घेऊन या' जास्त लागलं. आणि चौदा हजार तरी कुठले? पोस्टातल्या माझ्या आवर्तक ठेवीतलेच. ते पैसे मी तासिकांच्या मानधनातून बी.एड.साठी साठवले होते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

सकाळी शाळेला निघाले. गाडी सुरू केली, एसी लावला आणि चमकलेच. पहिली दोन-तीन मिनिटं हवा चक्क गार होती! इंजिन तापत गेलं तशी हवाही तापत गेली. मग कॉम्प्रेसर गेला कसा? तो गेला असता, तर पहिल्या मिनिटालाही गार हवा आली नसती.

आता आपल्या न्हाणीघरातला गरम-गार पाण्याचा नळ आठवा. गीझर चालूच असतो. दांडा फिरवू तसं पाणी कमी-जास्त गरम येतं. दांड्याचा आतला सांधाच निसटला, तर वरून कितीही फिरवा, गरमच पाणी येणार. आमच्या गाडीत दांड्याच्या जागी एक झडप आहे. नॉब तारेने ती झडप हलवतो. आणि तेव्हा लक्षात आलं, की आठ दिवस तो नॉब लोण्यात फिरावा तसा फिरत होता!

दुपारी इंजिन बंद करून, बॅटरी घेऊन डॅशबोर्डखाली आडवी झाले. शेजारचे काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. त्यांना हाक मारली, तर म्हणाले, "सूनबाई, मी नॉब फिरवतो, तू बघ काय हलतंय." तार हलत होती, झडपेची दांडी ढिम्म! तार धरून ठेवणारी क्लिप निसटून खाली पायपुसण्यावर पडली होती. ती जागेवर बसवली. वीस मिनिटांचं काम, खर्च शून्य.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर आधी गार इंजिनावर एसी लावून बघा. मग नॉब हाताला सैल लागतो का, ते पाहा. काही गाड्यांत बॉनेटखाली गरम पाण्याच्या नळीवर तोटी असते. तिची तारही तपासा. नव्या गाड्यांत झडपेला छोटी मोटर असते; ती बिघडली तर डॅशबोर्डमागून टकटक ऐकू येते, आणि ते काम कारागिराचंच. गाडीत गोडसर वास आला, काचेवर आतून चिकट वाफ धरली किंवा पायाखाली ओल दिसली, तर आतला छोटा रेडिएटर गळतोय असं समजा आणि वेळ न घालवता गॅरेज गाठा. ते कूलंट विषारी असतं, मुलांना हात लावू देऊ नका. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. कुकरची शिटी न उतरवता झाकण ओढण्यासारखंच ते!

सगळ्याच दुरुस्त्या आपल्याला जमतील असं नाही. पण बिघाड कुठे आहे एवढं कळलं, तरी समोरचा आपल्याला 'साहेबांना आणा' म्हणताना दोनदा विचार करतो.

पोस्टातली ठेव शाबूत राहिली. यंदा मी बी.एड.ला प्रवेश घेतलाय. कॉलेजला गाडीनेच जाते, आणि लेक आता खिडकीशी हट्टाने स्वेटर मागते!