रशियन अक्षरांतली बिस्मिल्लाह

अब्बांच्या पेटीत एक पुस्तक होतं, जे आमच्या घरात कुणालाच वाचता येत नव्हतं. अब्बा मालवाहू जहाजावर नोकरीला होते. ते हिंदुस्थानी आहेत असं कळताच ओदेसा बंदरातल्या एका जुन्या पुस्तकवाल्याने ते त्यांच्या हाती ठेवलं. त्यात चौलचं नाव आहे, एवढंच अब्बांना समजलं होतं. चौल आमच्या खाडीपलीकडे, म्हणून त्यांनी ते जपून आणलं.

पुढे माझा भाचा रशियातून डॉक्टर होऊन आला, तेव्हा त्याने ते उलगडून सांगितलं. सोव्हिएत विज्ञान अकादमीची १९५८ ची आवृत्ती. जुन्या रशियन भाषेतला मूळ मजकूर, सोबत आजच्या रशियनमधला अनुवाद आणि टिपा. लेखक अफनासी निकितीन, त्वेर शहराचा व्यापारी. नर्गिसच्या ‘परदेसी’ सिनेमातला परदेशी तो हाच.

इसवी सन १४७० च्या आसपास तो हर्मुझमार्गे एक घोडा घेऊन चौलला उतरला आणि घाट चढून जुन्नरला पोचला. तिथल्या खानाने घोडा काढून घेतला. हा मुसलमान नाही असं कळल्यावर खान म्हणाला, ‘इस्लाम स्वीकार, घोडा परत देतो आणि वर हजार सोन्याची नाणी. नाही तर दोन्ही गमावशील.’ चार दिवसांची मुदत. परका मुलुख, ओळखीचं कुणी नाही. अशा वेळी खुरासानचा एक मुहम्मद भेटला. तो खानाकडे गेला, रदबदली केली, घोडा सोडवून आणला आणि या माणसाचा धर्मही त्याच्यापाशी राहू दिला.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. सक्ती करणाराही आपलाच आणि सोडवणाराही आपलाच. धर्मात जबरदस्ती नाही ही कुरआनची शिकवण खानालाही ठाऊक असणार. वागला मात्र मुहम्मद.

पुढे निकितीन बहामनी राजधानी बिदरला राहिला. ईदला सुलतानाची स्वारी निघे, तेव्हा बरोबर वीस वजीर आणि सजवलेले तीनशे हत्ती, असं तो लिहितो. अमीर-उमराव थाटात आणि खेड्यातला माणूस कंगाल, हेही त्याच्या नजरेतून सुटलेलं नाही. पण त्याचं खरं दुःख वेगळंच. वाटेत लुटारूंनी त्याची धर्मपुस्तकं नेली होती. सण कधी, उपास कधी, काहीच कळेना. शेवटी मुसलमानांबरोबर त्यानेही महिनाभर उपास धरला. हे ऐकताना मला अब्बा आठवले. भर समुद्रात ढगांमुळे चंद्र दिसायचा नाही, तेव्हा अंदाजाने रोजा सुरू केल्याचं ते सांगत.

भाचा शेवटचं पान मूळ भाषेत अडखळत वाचू लागला आणि अम्मी एकदम सावरून बसली. रशियन अक्षरांत बिस्मिल्लाह होती! मग अल्लाहु अकबर, ईसा रूहुल्लाह, अल्हम्दुलिल्लाह आणि सूरह हश्रच्या शेवटी येणारी अल्लाहची नावं. उच्चार मोडकेतोडके, पण ओळखीचे. तो मुसलमान झाला होता का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पुस्तकभर तो आपल्या ख्रिस्ती सणांसाठी झुरतो, एवढं मात्र स्पष्ट आहे. अम्मी म्हणाली, ‘ज्यांच्यात राहिला, त्यांच्याच शब्दांत त्याने देवाला हाक मारली. त्यात आपण काय निवाडा करायचा?’

निकितीन घरी पोचला नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडेच वारला. त्याच्या वह्या व्यापाऱ्यांनी १४७५ मध्ये मॉस्कोला पोचवल्या. आता रेवदंड्याला एका शाळेच्या आवारात त्याचं स्मारक आहे.

खुरासानच्या मुहम्मदचं स्मारक कुठे नाही. पुस्तकात त्याच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी आल्या आहेत. माझा मुलगा आता परदेशात नोकरीला आहे. त्याच्यावर तसा प्रसंग आला, तर असाच कुणी माणूस त्याच्या बाजूने उभा राहावा, मग त्याचं नाव आणि धर्म कोणताही असो, एवढीच दुआ मी रोज करते.