आबांची जीप

२२ जुलै २०२१. सावित्रीचं पाणी महाडात शिरलं आणि आबांची महिंद्रा एमएम ५४० बॉनेटपर्यंत बुडाली. "भंगारात देऊ या," सगळे म्हणाले. आबा ढिम्म.

पोलादपूरच्या मिस्त्रीकाकांचा पहिला हुकूम : सेल्फ मारायचा नाही! सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मग अंगणातच नोझल काढून, पान्याने इंजिन फिरवून पाणी बाहेर काढलं. ऑइल तर अगदी दुधाळ चहा! ते तीनदा बदललं. गाळ मात्र ब्रेकच्या ड्रममधून निघता निघेना. माझे कित्येक वीकएंड त्यातच गेले.

प्यूजोचं जुनं डिझेल इंजिन, कॉम्प्युटरची भानगड नाही, म्हणून वाचलं. (तुमच्या एसयूव्हीचं काय झालं असतं?)

आता आंबेनळी घाटात आबा गिअर टाकतात, मी शेजारी बसून टेंपरेचरचा काटा बघते.