पासबुकातला तिसरा रकाना

आमच्या पिढीला सीटीसी तोंडपाठ असतो. फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, जॉइनिंग बोनस किती, हे चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या सांगता येतं. पण पीएफचं पासबुक उघडून त्यातले रकाने नीट वाचलेला माणूस माझ्या टीममध्ये शोधावाच लागेल. रकाने तीन असतात. आपला हिस्सा, कंपनीचा हिस्सा आणि पेन्शनचा हिस्सा. पहिल्या दोघांवर दरवर्षी व्याज चढतं. 2023-24 साठी ते 8.25 टक्के होतं. तिसऱ्यात महिन्याला फार तर 1,250 रुपये जातात आणि त्यावर व्याजाची नोंद कधीच दिसत नाही.

कारण ती बचत नव्हेच. कंपनी आपल्या नावाने बेसिक आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के भरते. त्यातले 8.33 टक्के, तेही 15,000 रुपयांच्या मर्यादेपर्यंतच, कर्मचारी पेन्शन योजनेत वळवले जातात. ही योजना 1995 ची, आणि ती चालवते आपली नेहमीची ईपीएफओ. तिथे माझ्या नावाचा वेगळा गल्ला नसतो. सगळ्यांचे पैसे एकाच फंडात जातात आणि मला मिळतं ते एक सूत्र: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70.

आता आकडे घालून बघा. पगाराची मर्यादा 15,000, नोकरी 35 वर्षं. उत्तर येतं 7,500 रुपये महिना. वीस वर्षांवर नोकरी झाली की दोन वर्षं बोनस धरतात, म्हणजे फार तर 7,900 च्या आसपास. आणि महागाई वाढली म्हणून ही पेन्शन आपोआप वाढत नाही. हेच 1,250 रुपये दरमहा 8.25 टक्क्यांनी 35 वर्षं साठवले, तर साधारण 30 लाख होतात. त्यांचं नुसतं व्याजच महिन्याला 20 हजारांच्या वर जातं.

माझ्या रूममेटच्या पासबुकात तिसरा रकाना कोराच आहे. 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या माणसाचा पगार 15,000 च्या वर असेल, तर त्याला या योजनेत घेतच नाहीत. कंपनीचे पूर्ण 12 टक्के पीएफमध्ये जातात. त्याचा पहिला बेसिकच मोठा होता. मी फ्रेशर म्हणून 3.6 लाखांच्या पॅकेजवर लागलो, बेसिक 15,000 च्या आत, म्हणून मी योजनेत आलो आणि पुढे पगार वाढला तरी आतच राहिलो. आज आमचे पगार जवळपास सारखे आहेत. त्याला पेन्शन नाही, मला आहे. "तू अडकलास, मी सुटलो," तो म्हणतो. वरचा हिशेब बघितला तर त्याचं म्हणणं चूक नाही.

हाच हिशेब मी एकदा बाबांना करून दाखवला. बाबा भोसरीत एका कारखान्यात 1996 साली परमनंट झाले आणि 2020 मध्ये, 58 पूर्ण झाल्यावर, निवृत्त झाले. त्यांची पेन्शन 3,200 रुपयांच्या आसपास आहे. वर्षातून एकदा मी मोबाइल धरतो, ते कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकावतात आणि ते हयात असल्याचा दाखला ऑनलाइन जातो. त्या दिवशी मी म्हणालो, "बाबा, हे पैसे पीएफमध्येच राहिले असते तर किती झाले असते, बघा."

ते म्हणाले, "राहिले असते तर ना!"

मग त्यांनी मोजून दाखवलं. घर घेताना पीएफमधून उचल घेतली. आत्याच्या लग्नाला घेतली. माझ्या इंजिनिअरिंगच्या अ‍ॅडमिशनला घेतली. प्रत्येक वेळी नियमात बसत होतं, प्रत्येक वेळी गरज खरी होती. निवृत्तीच्या दिवशी पहिल्या दोन रकान्यांत फारसं उरलं नव्हतं. "तिसऱ्याला हात लावता येत नव्हता, म्हणून तो राहिला," ते म्हणाले.

माझ्या डिग्रीत बाबांच्या म्हातारपणाचे पैसे आहेत, हे मला तेव्हा कळलं. त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मला अजून वाटतं.

त्यांच्याच शॉपमधले एक काका नोकरीत असताना गेले. त्यांच्या बायकोला बाबांनी 10डी फॉर्म भरून दिला होता. सभासद नोकरीत असताना गेला, तर एका महिन्याचा हिस्सा भरलेला असला तरी जोडीदाराला पेन्शन सुरू होते, शिवाय दोन मुलांपर्यंत पंचवीस वर्षं वयापर्यंत. काकूंची रक्कम फार नाही. 2014 पासून या योजनेत किमान पेन्शनच 1,000 रुपये आहे. त्या रकमेत घर चालत नाही, हे बाबाही मान्य करतात. पण काकू शिवणकाम करायच्या, त्यात एखादा महिना कोरडा जायचा. पेन्शनचा महिना कोरडा गेला नाही. माझ्या 30 लाखांच्या हिशेबात काकूंसाठी जागाच नव्हती. तो फक्त 58 पर्यंत जगलेल्या माणसाचा हिशेब होता.

गेल्या वर्षी मी नोकरी बदलली. मध्ये थोडी गॅप होती आणि दोघा-तिघांनी सुचवलं, "सगळं काढून टाक, पेन्शनचंही." दहा वर्षांच्या आत योजना सोडली तर एकरकमी थोडे पैसे मिळतात, पण सेवेची वर्षं पुन्हा शून्यापासून मोजली जातात. दहा पूर्ण झाली की पेन्शनचा हक्क पक्का होतो. माझी सहा झाली आहेत. मी पैसे न काढता खातं ट्रान्स्फर केलं.

7,500 रुपयांत माझं म्हातारपण निघणार नाही, हे मला माहीत आहे. ते काढायचं असेल तर पहिले दोन रकाने भरलेले राहायला हवेत. त्यातून पैसे काढायला आता मोबाइलवर काही मिनिटं पुरतात, आणि बाबांसारखीच माझीही प्रत्येक गरज खरीच असणार आहे.